दुसरीतल्या मुलीला 'रिकाम्या जागा भरा' कसं समजावू?

प्रश्न:
मुलगी दुसरीत आहे, इंग्लिश मीडियम, मराठीची वही काढली की रडारड सुरू. 'कंसातील योग्य शब्द निवडून वाक्य पूर्ण करा' आलं की ही डॅशपर्यंतच वाचते आणि पहिला शब्द उचलून टाकते. काल 'आईने बाजारातून ____ आणली' होतं, कंसात आंबा, भाजी, केळे. तिने आंबा लिहिलं. चुकलं म्हटलं तर म्हणते, आंबा पण बाजारातच मिळतो ना! आता यावर काय सांगू, मला उत्तर येतं पण कारण सांगता येत नाहीये.

उत्तर १:
ताई, पोरीचं डोकं बरोबर चाललंय, फक्त ती अर्ध्यावर थांबतेय. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणजे खूण डॅशच्या पुढे असते. मी दुसरीलाच शिकवते, आम्ही डॅशच्या जागी टाळी वाजवतो आणि वाक्य शेवटपर्यंत म्हणतो, आईने बाजारातून (टाळी) आणली. मग एकेक शब्द घालून मोठ्याने म्हणायला लावा. 'आंबा आणली' म्हटलं की मुलं स्वतःच हसतात, कानाला खटकतंच ते. तो आंबा, ती भाजी, ते केळं एवढंच सांगा, लिंग वगैरे शब्द आत्ता नकोतच.

उत्तर २:
एक गोष्ट नक्की तपासा. माझ्या मुलाला वाटायचं आई बाई आहे म्हणून 'आणली'. मग मी आईच्या जागी बाबा घातले, बाबांनी भाजी आणली, तरी आणलीच राहिलं, तेव्हा त्याला कळलं की इथे कोणी आणलं याच्यावर नाही, काय आणलं याच्यावर ठरतं. आणि पुस्तकात 'केळे आणले' छापतात, घरी आपण 'केळं आणलं' म्हणतो, त्यात 'आंबे आणले' पण तसंच दिसतं, मुलं तिथे हमखास गोंधळतात. असं वाक्य आलं तर आधी घरच्या बोलीत म्हणून घ्या, मग पुस्तकातलं लिहू द्या.

प्रश्नकर्ती:
थँक्यू दोघींना! आज टाळीवाला प्रकार केला, 'दादाने ____ खाल्ली' ला ती आधी लाडू म्हणाली, मग थांबून स्वतःच 'लाडू खाल्ली? नाही नाही, पोळी!' पण 'पाऊस आला म्हणून ____' याच्यापुढे 'ढग आले होते' लिहिलंय, हे कसं सोडवू?

उत्तर १:
तिथे तिने 'कारण'चं उत्तर लिहिलंय. 'म्हणून' आलं की 'मग काय झालं?' विचारा, 'कारण' आलं की 'का झालं?' विचारा. पाऊस आला, मग काय झालं? छत्री उघडली. तेच लिहायचं. दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहून घ्या, फरक लगेच दिसतो.