अनुभव धागा: लढाईच्या भीतीने मुंबईहून नाशिककडच्या खेड्यांत आलेली मुलं

५ एप्रिल १९४२ ला कोलंबोवर आणि दुसऱ्याच दिवशी विशाखापट्टणम-काकीनाड्यावर जपानी बाँब पडले. मुंबईतलीही बिऱ्हाडं गावाकडे हलली. सिन्नर, निफाड, दिंडोरीकडे आलेल्या त्या मुलांबद्दल विचारलं की 'लई मजा होती' एवढंच ऐकायला मिळतं. नळ आणि बटण सोडून आलेल्या पोरांना कुठली कामं शिकावी लागत, ती नेमकी कशी करत, ते लिहा.

घाटमाथा
इगतपुरीला विजेचं इंजिन काढून कोळशाचं लावत. तिथून पुढे खिडकीतून डोकावणाऱ्या पोराच्या डोळ्यात कणी हमखास. चोळायचं नाही, पाण्यात डोळा उघडझाप करायचा.

वातीचा कारभारी
कंदील पोरांकडेच असे, कारण काचेत लहान हात जातो. काच गार होऊ द्यायची, मग चाळलेली राख आणि मऊ फडकं. गरम काचेवर ओला हात लागला की तडकलीच. वात सरळ कापायची आणि दोन्ही कोपरे किंचित खुडायचे, नाहीतर ज्योतीला शिंगं फुटतात आणि काच एका अंगाने काजळते. ज्योत फुटफुट करू लागली की समजायचं, रॉकेलात पाणी आहे.

सिन्नरी
दळण राहिलं की! एका हाताने जातं ओढायचं, दुसऱ्याने मूठमूठ वैरायचं. जास्त वैरलं तर पीठ भरड पडतं. कमी वैरलं तर दगडावर दगड घासतो आणि भाकरी कचकचते. बाजरी दोन-तीन दिवसांपुरतीच दळत, पीठ लवकर कडू होतं म्हणून.

बारव
पाण्याचं कुणीच लिहिलं नाही. पायऱ्यांच्या बारवेत माणसं पाय बुडवून पाणी भरत. नारू पसरायचा तो तिथूनच. जंताची पिल्लं पाण्यातल्या बारीक किड्यांत असतात, म्हणून दुहेरी धोतराच्या फडक्यातून पाणी गाळायचं आणि फडक्याची तीच बाजू नेहमी वर ठेवायची. उलटलं की अडकलेले किडे सरळ घागरीत. चूक लगेच कळत नाही, नारू साधारण वर्षाने पायातून डोकं काढतो. मग काडीला गुंडाळत रोज थोडाथोडा ओढायचा. घाईने तुटला तर पाय सुजून पू होतो. बारवेपेक्षा पोहऱ्याची विहीर बरी, तिच्यात कुणी पाय घालत नाही.

वातीचा कारभारी
नारूचं पटलं. पण हिवताप विसरू नका. मार्च १९४२ मध्ये जावा जपान्यांकडे गेलं आणि क्विनाइन मिळेना, जगातलं बहुतेक तिथूनच यायचं. गावात उरला काडेचिराइताचा काढा. तो कडू भरपूर, हिवतापाला मात्र क्विनाइनची सर नाही.

घाटमाथा
चिल्लरही आटली होती. १९४३ पासून धातू वाचवायला भोकाचा पैसा निघाला, रुपयाला ६४. पोरं दोऱ्यात ओवत. गाठ दुहेरी मारायची, पैसा गुळगुळीत असतो.