लहरी वारा-ड्रॅगनदेवाची पुराणकथा रचतोय, मदत हवी आहे

घोडबंदर_गेममास्टर

नमस्कार मंडळी,

कासारवडवलीला आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये रविवारी दुपारी आम्ही काहीजण फासे, पेन्सिली आणि नकाशे घेऊन बसतो. टेबलटॉप रोलप्लेइंग. जग मी रचतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात. खेळ मराठीत चालतो, नावं मराठी, आणि देवही इथल्या मातीतले वाटावेत असा माझा हट्ट आहे.

या जगाचं नाव कातळधार. समुद्राला समांतर डोंगराची अखंड भिंत आणि तिला एकच खिंड. त्या खिंडीत वाहटूळ राहतो. हा वाऱ्याचा ड्रॅगन. त्याचं अंग दिसत नाही. पाचोळा, धूळ, मिठाची भुकटी, पावसाचे थेंब, जे काही त्याच्या अंगाला लागून फिरतं त्यावरूनच त्याचा आकार कळतो. वैशाखात तो तांबडा असतो, मळणीच्या दिवसांत भुशाच्या रंगाचा. त्याच्या देवळात मूर्ती नाही. उंच काठीला बांधलेलं एक कापड आहे. पुजारी रोज पहाटे ते खाली उतरवतो आणि त्याची कड बोटांनी चाचपतो. कुठला धागा सुटला, कुठल्या कोपऱ्याला कापड विरलं, तोच कौल.

इथवर मला सगळं आवडतंय. घोडं अडलंय ते पुढे. खिंडीच्या समुद्राकडच्या अंगाला मिठागरवाले आहेत, त्यांना कोरडा वारा हवा. पलीकडे भातवाले, त्यांना पावसाचा वारा हवा. होडीवाल्यांना जाताना एक आणि येताना दुसरा. देव मात्र सगळ्यांचा एकच, आणि तो लहरी आहे हे पहिल्यापासून ठरलेलं. मागच्या बैठकीत आमच्यातल्या एकीने (ती मिठागरवाल्याची मुलगी खेळते) विचारलं, "तो मनाला येईल तसंच वागणार असेल तर मी नवस बोलू कशाला?"

प्रश्न रास्त आहे. नवसाला पावणारा केला की वाहटूळ दुकानदार होतो: नारळ द्या, वारा घ्या. कशालाच न पावणारा केला तर ती नुसती आपत्ती, आणि आपत्तीला कोणी देऊळ बांधत नाही. मला अशी कथा हवी आहे जिच्यात त्याचा लहरीपणा तसूभरही कमी होणार नाही, आणि तरी त्याची भक्ती करणारा माणूस वेडा वाटणार नाही. जाणकारांनी सुचवावं.

संहिता_नौपाडा

धागा आवडला. एक मुद्दा आधी खोडते. आपत्तीला देऊळ बांधतात. मरीआईची ठाणी महाराष्ट्रात गावोगावी आहेत. पटकीच्या साथीची देवी ती. तिची ओटी भरतात आणि तिचा गाडा गावाच्या शिवेपार नेऊन पोचवतात. मेसोपोटेमियात पाझुझू होता, दुष्ट वाऱ्यांचा राजा. त्याच्या मुंडक्याचे ताईत बाळंतिणींना घालत, कारण बाळांवर घाला घालणारी लामाश्तू फक्त त्याला वचकून असे. भीतीही माणसाच्या उपयोगी पडते.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं वाताचं सूक्त (१६८ वं) काढून वाचा. त्याचा घोष ऐकू येतो, रूप दिसत नाही, आणि तो आपल्या मर्जीने हिंडतो, असं म्हणून ऋषी त्यालाच आहुती देतो. तुमच्या मिठागरवालीला पडलेला प्रश्न त्या ऋषीला पडलेला दिसत नाही.

मरुतांच्या जन्माची पुराणातली कथाही तुमच्या कामाची आहे. दितीला इंद्राला मारणारा मुलगा हवा होता. तिचं व्रत मोडल्याची संधी साधून इंद्र तिच्या गर्भात शिरला, वज्राने गर्भाचे सात तुकडे केले, मग प्रत्येकाचे आणखी सात. ते एकोणपन्नास मरुत पुढे इंद्राचेच सोबती झाले. ज्याला मारायला जन्मले त्याच्याच बाजूने लढणारे वारे! त्यांच्या मनात काय चाललं असेल याचा विचार करून बघा.

ग्रीकांचा टायफॉन हा राक्षस शंभर सर्पमुखांचा. त्यांचा जुना कवी हेसिअड सांगतो की जहाजं बुडवणारे बेभरवशाचे वारे त्याच्यापासून झाले, पण उत्तरेचा, दक्षिणेचा आणि पश्चिमेचा वारा मात्र देवांच्या कुळातले. त्याने वाऱ्यांची सरळ दोन घराणी केली आहेत. तुम्ही तसं करू नका असं मला वाटतं. एकाच अंगातून दोन्ही निघण्यात जास्त गंमत आहे.

आणि सर्प आणि वारा एकत्र हवे असतील तर मेक्सिकोचा पिसारी सर्प क्वेत्झालकोआत्ल. वाऱ्याच्या रूपात तो एहेकात्ल. त्याची देवळं गोल बांधत, कोपऱ्यावर वारा अडू नये म्हणून. मेक्सिको सिटीच्या मेट्रोचं खोदकाम चालू असताना असं एक गोल देऊळ सापडलं. ते आजही पिनो सुआरेझ स्टेशनात जागच्या जागी आहे, प्रवासी त्याच्या बाजूने जातात. अॅझ्टेक कथेत पाचवा सूर्य जन्मतो पण आकाशात नुसता थबकून राहतो. एहेकात्ल जोराने फुंकतो तेव्हा कुठे तो चालू लागतो.

दिवाळे_कोळीवाडा

दादा, मी बेलापूरच्या दिवाळे गावची. ते पुराणातलं मला फार कळत नाही, पण वाऱ्याचं थोडं सांगते.

आमच्या घरात वाऱ्याला लहरी कोणी म्हणत नाही. पहाटे जमिनीवरून मतलई सुटतो, दुपारकडे समुद्रावरून खारा येतो, हे पोरासोरांना ठाऊक असतं. शीड होतं तेव्हा मतलईवर बाहेर जायचं आणि खाऱ्यावर घरी यायचं. माझे आजोबा तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख होते. वारा पडला की ते होडीत सगळ्यांना गप्प बसवायचे. कोणी बोलायचं नाही, शीळ तर मुळीच घालायची नाही. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

दुसरं असं, की आमच्याकडे मागायचा हंगाम वेगळा आणि न मागायचा वेगळा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, घरोघरी जाळी पसरलेली, आई दारात बसून फाटलेला कोश शिवत असते. त्या दिवसांत वारा काहीही करो, आपण त्याच्या वाटेत नसतो. नारळी पौर्णिमेला नारळ सोडतो तेव्हा मागणं. तुमच्या गोष्टीत लोक बारा महिने मागतच बसलेत असं वाटलं. देवालाही उसंत द्या की.

कळव्याची_मास्तरीण

वर दोन्ही प्रतिसाद सुंदर. मी भौतिकशास्त्र शिकवते, म्हणून "लहरी" या शब्दावरच थांबले. वाऱ्याचा बेभरवशीपणा नियम नसल्यामुळे येत नाही.

१९६१ साली एडवर्ड लॉरेन्झ हा हवामानशास्त्रज्ञ संगणकावर हवेचं एक छोटं गणित चालवत होता. जुनं गणित मधूनच परत चालवायचं म्हणून त्याने छापील कागदावरचा आकडा भरला: ०.५०६. संगणकाच्या पोटात मूळ आकडा होता ०.५०६१२७. नियम तेच, यंत्र तेच. सुरुवातीला दोन्ही आलेख हातात हात घालून गेले, मग फाटत गेले, आणि शेवटी एकाचा दुसऱ्याशी काही संबंध उरला नाही. १९६३ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं.

यातून तुमच्या देवाला काय मिळतं बघा. वाहटूळ काहीच ऐकत नाही म्हणून लहरी आहे, असं का धरायचं? तो सगळंच ऐकतो, अगदी हजारातल्या एका भागाइतकंही सोडत नाही, म्हणून त्याचा अंदाज बांधता येत नाही. आपण माणसं तीन आकड्यांवर थांबतो. तो थांबत नाही.

अवांतर: चक्रीवादळाचा डोळा शांत असतो आणि आपल्या गोलार्धात वादळ घड्याळाच्या उलट फिरतं. ड्रॅगनने वेटोळं कुठल्या बाजूला घालायचं ते कातळधार विषुववृत्ताच्या उत्तरेला आहे की दक्षिणेला त्यावर ठरवा. आणि विषुववृत्ताच्या अगदी जवळ ठेवू नका, तिथे चक्रीवादळं जवळजवळ तयारच होत नाहीत.

घोडबंदर_गेममास्टर

तिघींचेही मनापासून आभार. मास्तरीणबाईंचं "तो सगळंच ऐकतो" वाचलं आणि कथा सुटली. रात्री बसून लिहून काढली, ती अशी:

आरंभी सगळं थिजलेलं होतं. ढग होते पण जागेवर, लाट उठलेली पण फुटत नव्हती. आठ दिशांच्या आठ देवांनी मिळून वाहटूळ घडवला आणि प्रत्येकाने त्याच्या कानात आपली आज्ञा सांगितली. पूर्वेने सांगितलं, माझ्याकडे ये. पश्चिमेने सांगितलं, माझ्याकडे ये. आठही जणांनी तेच सांगितलं आणि वाहटूळने आठही जणांना हो म्हटलं. त्याला घडवताना "नाही" कोणी घातलंच नव्हतं. तो पूर्वेकडे निघाला की पश्चिमेचा शब्द मोडायचा, म्हणून तो वळला, पुन्हा वळला, वळतच राहिला. त्याच्या वळण्याने लाट फुटली, ढग हलले. मग माणसं आली आणि तीही मागू लागली. त्यांनाही तो हो म्हणतो. मिठागरवाल्याला हो, भातवाल्याला हो, चुलीत फुंकर घालणाऱ्या म्हातारीलाही हो, कारण फुंकर ही त्याला प्रार्थनाच वाटते. त्याने आजवर एकही मागणं नाकारलेलं नाही. सगळी वादळं त्या होकारांची आहेत.

म्हणजे मिठागरवालीला उत्तर मिळालं: तुझा नवस पोचतो, दर वेळी पोचतो. फक्त तो एकटा पोचत नाही.

दिवाळेकर ताईंच्या बंदीच्या दिवसांवरून कातळधारमध्ये आता "अबोला" आहे. पावसाच्या तोंडाशी गावं काहीच मागत नाहीत. देवळाच्या काठीवर कापड चढत नाही. फुंकणीला हात लावायचा नाही, निखारे पंख्यानेही फुलवायचे नाहीत, शीळ नाही, दिवा विझवायचा तर चिमटीने. फक्त तान्ह्या बाळाच्या रडण्याला बंदी नाही. त्यामुळे गावातलं सगळ्यात लहान बाळ ज्या घरात, त्या घरावरून हंगामाचा पहिला वारा येतो अशी समजूत आहे, आणि त्या आईला पहिल्या भाताचा मान.

संहिताताई, मरुतांची कथा तशीच उचलली नाही, पण "ज्याला मारायला जन्मले त्याचेच सोबती" हे मनात ठेवून खलनायक सुचला. एक सावकार गरिबांना कर्ज देतो आणि गहाण म्हणून त्यांची मागणी ठेवून घेतो. कर्जदाराने वर्षभर वाहटूळाकडे काही मागायचं नाही. हळूहळू खिंडीत एकट्या सावकाराचाच आवाज उरतो आणि वारा पहिल्यांदाच सरळ रेषेत वाहू लागतो. लोकांना आधी बरं वाटतं.

खेळात हे असं बसवतोय: टेबलावर एक कापडी पिशवी. कोणत्याही पात्राने काही मागितलं, शीळ घातली, चूल फुंकली की त्या दिशेच्या रंगाची कवडी पिशवीत. वारा कुठला ते ठरवायला मी डोळे मिटून मूठभर कवड्या काढतो, मोजतो आणि परत आत टाकतो. आत टाकलेली कवडी कायमची.

कळव्याची_मास्तरीण

कथा फार आवडली. पिशवीबद्दल एक हरकत. कवड्या कायमच्या राहिल्या तर काही बैठकांनंतर पिशवी इतकी भरेल की नव्या कवडीने काही फरकच पडणार नाही. मग मिठागरवालीचा प्रश्न परत येणार. पूर्ण मूठ मोजण्याऐवजी एकच कवडी काढा, तिच्या रंगावरून पुढची पिशवी निवडा, अशा दोन-तीन पिशव्या ठेवा. मग एका कवडीनेही सगळं उलटंपालटं होऊ शकेल.

संहिता_नौपाडा

आणि एक. रामायणात इंद्राने बाळ हनुमानाला वज्र मारलं तेव्हा वायू त्याला घेऊन गुहेत जाऊन बसला. त्याने वादळ केलं नाही, नुसता वाहायचा थांबला. सगळ्यांचे श्वास कोंडले आणि देव धावत आले. तुमच्या वाहटूळला "नाही" येत नाही. ते त्याला कोणीतरी शिकवलं तर?

घोडबंदर_गेममास्टर

मास्तरीणबाई, तीन पिशव्या पक्क्या. येत्या रविवारी तशाच वापरून बघतो.

संहिताताई, हे वाचून अंगावर काटा आला. सावकाराला हरवायचा तो एक मार्ग होऊ शकतो, आणि तो मिठागरवालीच्याच हाती द्यावा असं वाटतंय. मात्र तिची खेळाडू हा धागा वाचते, तेव्हा यावर पुढचं व्यक्तिगत निरोपात बोलू. दिवाळेकर ताई, तुम्हालाही निरोप टाकतोय. होडी बाहेर काढतानाचा पहिला तास मला नीट समजून घ्यायचा आहे, कोण कुठे उभं असतं आणि कोण काय बोलतं ते सगळं.

दिवाळे_कोळीवाडा

दादा, निरोप मिळाला. ते वडिलांनाच विचारा. रविवारी तुमचा खेळ असतो, तर शनिवारी सकाळी जेट्टीवर या, ओहोटी लागायच्या आत.