पंचावन्नच्या पुढच्यांची वसाहत: राहून पाहिलेल्यांचे अनुभव

अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी माणसांची पहिली मोठी पिढी आता निवृत्त झाली आहे. मुले दूरच्या राज्यांत, चार खोल्यांचे घर रिकामे आणि बर्फ उपसण्याइतका अंगात जोर उरलेला नाही, अशा वेळी ‘फिफ्टी-फाइव्ह प्लस’ वसाहतीचा विषय घरोघरी निघतो. १९८८ मध्ये झालेल्या तिथल्या कायद्यानुसार लहान मुले असलेल्या कुटुंबाला त्या कारणावरून घर नाकारता येत नाही. ज्येष्ठांच्या वसाहतींना मात्र त्यातून सूट आहे. १९९५ च्या कायद्याने त्या सवलतीची अट स्पष्ट केली: वापरात असलेल्या घरांपैकी किमान ८० टक्के घरांत ५५ किंवा त्याहून अधिक वयाची एक तरी व्यक्ती राहत असली पाहिजे. बाकीचे बरेचसे नियम ज्या त्या वसाहतीची असोसिएशन, म्हणजे घरमालकांची संघटना, ठरवते, आणि सुखदुःखाचे मूळ बहुधा त्यांतच असते. जे तिथे राहतात, जे सोडून आले किंवा ज्यांनी आईवडिलांसाठी असे घर घेतले, त्यांनी सविस्तर लिहावे. जाहिरातींतली छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिलेली आहेत.

मन्रो टाउनशिप, न्यू जर्सी
आमच्या गावात अशा वसाहती इतक्या आहेत की भारतीयांची मोठी वस्ती असलेल्या एडिसनहून इथे येताना आम्हाला परके वाटले नाही. घर एकमजली आहे, गवत आणि बर्फ ही असोसिएशनची जबाबदारी आहे, आणि क्लबहाउसमध्ये आठवड्याचे भजन व पत्त्यांचा अड्डा नियमाने भरतो. पूर्वीच्या गल्लीत शेजारी सकाळी कामावर जात आणि दिवसभर रस्त्यावर माणूस दिसत नसे. इथे दुपारी चहाला कोणाचेही दार वाजवता येते. माझे पती गेले तेव्हा पहिले काही आठवडे माझ्या घरात चूल पेटली नाही, तरी एक वेळचेही जेवण चुकले नाही, कारण शेजारच्या बायकांनी आपसांत डब्यांच्या पाळ्या लावल्या होत्या. उणी बाजूही सांगते. आजारपण आणि मृत्यू यांच्या बातम्या इथे फार वरचेवर येतात, आणि मूल रडल्याचा किंवा सायकलच्या घंटीचा आवाज मात्र कानी पडत नाही. काहींना ती शांतता सुखाची वाटते. मला ती अजूनही थोडी खुपते.

आधी न्यू जर्सी, आता टेक्सास
वर ताईंनी लिहिलेले सगळे खरे आहे, आणि तरीही आम्हाला ते घर सोडावे लागले. आमच्या वसाहतीत १९ वर्षांखालील कोणालाही कायम राहता येत नसे; नातवंडांना पाहुणे म्हणून वर्षातले ठरावीक दिवसच परवानगी होती. मुलीचा संसार मोडला आणि ती सात वर्षांच्या मुलाला घेऊन आमच्याकडे आली. शेजारी समंजस होते, कोणी तक्रार केली नाही, पण मुदत संपल्यावर असोसिएशनचे पत्र आले. नियम आम्ही सही करताना वाचला होता, त्यामुळे दोष कोणाला देणार? आपले घर मुलांसाठी कधीही उघडे असते, असे आपण गृहीत धरतो. इथे त्या गृहीताला लेखी मर्यादा असते, एवढे प्रत्येकाने समजून घ्यावे.

सिअॅटल
मी मुलाच्या बाजूने लिहितो. आईवडिलांच्या पश्चात त्यांचे घर माझ्या नावावर झाले, पण मी चाळिशीत असल्यामुळे तिथे राहू शकत नव्हतो, आणि भाड्याने देण्यावरही असोसिएशनची बंधने होती. ग्राहकही ठरावीक वयाचाच शोधायचा असल्याने विक्री लांबली. त्या सगळ्या काळात मासिक शुल्क आणि मालमत्ता कर चालूच होते.

फ्लोरिडा
पुष्कळांच्या मनात एक घोटाळा असतो, म्हणून थोडक्यात लिहितो. पंचावन्नच्या पुढच्यांची वसाहत म्हणजे शुश्रूषेची सोय नव्हे. इथे पोहण्याचा तलाव असतो, पण सहसा परिचारिका नसते. पत्नीला स्मृतिभ्रंश झाल्यावर तिला अंघोळ घालायला आणि जेवू घालायला आम्ही स्वतःच्या खर्चाने बाई ठेवली, कारण अशी दीर्घकाळची रोजची देखभाल मेडिकेअरमध्ये, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्यात, बसत नाही.

पुणे
आम्ही कोथरूडचा फ्लॅट विकून शहराबाहेरच्या ज्येष्ठांच्या प्रकल्पात आलो, तेव्हा नातेवाइकांनी मुलांनी वृद्धाश्रमात टाकल्याचा निष्कर्ष परस्पर काढून टाकला. निर्णय आमचा होता, आणि सामायिक भोजनगृहामुळे सौभाग्यवतीची पन्नास वर्षांच्या पोळ्या लाटण्यातून सुटका झाली, हे मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो. मात्र विकासकाने माहितीपत्रकात दाखवलेला दवाखाना पहिली दोन वर्षे कुलूपबंद होता, आणि सेवा पुरवणारी कंपनी बदलल्यावर जेवणाचा दर एकदम वाढला. महारेराने, म्हणजे महाराष्ट्राच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाने, २०२४ मध्ये अशा प्रकल्पांसाठी किमान निकष ठरवून दिले. त्यांत लिफ्ट, रॅम्प, रुंद दारे, जिन्याला कठडे अशा बाबी येतात. परंतु दारे रुंद असली तरी रात्री दोन वाजता घंटा दाबल्यावर कोण येणार, याचे उत्तर करारातच असावे लागते. त्यामुळे कोणी विचारायला आले तर मी त्यांना नमुना फ्लॅट दाखवत नाही, रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकाशी बोलायला पाठवतो.