नव्या भोपळ्यावर जुनेपणाचा रंग: कला की नक्कल?

मिशिगनकर (धागाकर्ता)

सप्टेंबर उजाडला की अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या गटांवर एक वाद ठरलेला असतो. हॅलोवीन म्हणजे 31 ऑक्टोबरचा भुताखेतांचा सण, त्यात भोपळ्यावर चेहरा कोरून आत दिवा लावतात. कुणीतरी तसल्याच, पण कागदाच्या लगद्याच्या, हाताने केलेल्या कंदिलाचा फोटो टाकतं, किंमत शे-दोनशे डॉलर असल्याचं कळतं आणि 'दुकानात असलाच दहा डॉलरला मिळतो' असे प्रतिसाद सुरू होतात. यंदा एकाने त्याच्या पुढे जाऊन लिहिलं, की ही मंडळी कलाकार नाहीतच, शंभर वर्षांपूर्वीच्या जर्मन मालाची नक्कल करतात आणि वर तो मुद्दाम जुना दिसेल असा रंगवतात. मला हे अजिबात मान्य नाही, म्हणून स्वतंत्र धागा काढतोय.

आधी तो जर्मन माल काय होता ते पाहू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत हॅलोवीनच्या पार्ट्यांची चलती झाली आणि सजावटीला मागणी आली. ती पुरवली जर्मनीने. थुरिंगिया भागात, सोनेबर्गच्या आसपास, बाहुल्या आणि खेळणी करणारी गावंच्या गावं होती. घरातली सगळी माणसं, मुलंसुद्धा, साच्यात लगदा दाबायची, वाळवायची, रंगवायची आणि तुकड्यामागे चिल्लर मिळवायची. भोपळ्याचे कंदील, गोळ्या भरून ठेवायची मांजरं, भाजीचं डोकं असलेली माणसं हे सगळं त्यांनी अमेरिकेसाठी केलं. तो सण त्यांच्या घरात नव्हता. आज त्यातला एखादा चांगल्या अवस्थेतला कंदील हजार डॉलरच्या घरात जातो, पण तो कुणाच्या हातचा हे कुणालाच सांगता येत नाही.

आता आजचा कंदील कसा होतो ते बघा. आधी मातीचा नाहीतर फुग्याचा गाभा. त्यावर खळीत भिजवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या, एक थर आडवा, पुढचा उभा. आधीचा खणखणीत वाळल्याशिवाय पुढचा द्यायचा नाही, नाहीतर आत ओल धरते आणि बुरशीचा वास सुटतो. मग मधोमध कापून गाभा काढायचा, दोन्ही अर्धे पुन्हा जोडायचे, सांध्यावर लगदा भरायचा. भुवया, गाल, दातांच्या कडा लगद्यानेच उठवायच्या. पांढरं अस्तर, पॉलिश पेपर, पुन्हा अस्तर. रंगही एकच नारिंगी नसतो. तळाला पिवळा, वर नारिंगी, फाकांच्या खाचेत तांबूस. डोळ्यांना आणि तोंडाला आतून पतंगाच्या कागदासारखा पातळ कागद चिकटवायचा आणि त्यावर बुबुळं, दात रंगवायचे. शेवटी पातळ तपकिरी रंग सगळीकडे फासून लगेच फडक्याने पुसायचा. उंचवट्यावरून तो निघतो, खाचेत राहतो. ज्याला तुम्ही 'खोटं जुनेपण' म्हणता ते हे. चेहऱ्याला खोली त्यानेच येते.

यातली शैली जुनी आहे, हे उघड आहे. पण प्रत्येक चेहरा नवा घडवलेला असतो आणि बुडाशी करणाऱ्याचं नाव आणि साल असतं. सोनेबर्गच्या कारागिराला जे मिळालं नाही ते इथे मिळतंय. मला ते फार मोलाचं वाटतं.

जुनाबाजार

मी जुन्या वस्तू जमवतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

बुडाशी नाव-साल असतं म्हणता. सगळ्यांच्या असतं का? नाही. आणि जिथे असतं तिथेही दोन-तीन हात बदलल्यावर ते पॉलिश पेपरने जातं. मग तोच कंदील 'आजीच्या माळ्यावर सापडला' म्हणून लिलावाच्या साइटवर येतो. तपकिरी रंग पुसलेला, कडा घासलेल्या, तारेच्या कडीला मुद्दाम गंज आणलेला. नवखा माणूस फसतो. करणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता हे कबूल, पण फसवणुकीचा कच्चा माल त्यानेच पुरवला.

नवीन घेणाऱ्यांनी काही गोष्टी बघाव्यात. खऱ्या जुन्या कंदिलात मेणबत्ती लावलेली असायची, त्यामुळे आतल्या छताला काजळी आणि धग लागलेली असते, तीही ज्योतीच्या बरोबर वर. नकली जुन्यात काळा रंग आत सगळीकडे सारखा मारलेला दिसतो. जुना पातळ कागद ठिसूळ होऊन कडेला तडकतो, नवा लवचिक राहतो. आणि 'जर्मनी' असा शिक्का असला म्हणून लगेच विश्वास ठेवू नका. 1890 च्या मॅकिन्ली कायद्याने अमेरिकेत येणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं, म्हणून खऱ्या मालावर तो शिक्का बऱ्याचदा असतो. रबरी शिक्का आज कुणीही करून घेऊ शकतो.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा. ज्या काळाची शैली हे उचलतात तो सगळा बाजारच होता. जर्मन माल निर्यातीचा. पेनसिल्व्हेनियातल्या शिपेन्सबर्गची बीस्टल कंपनी पुठ्ठ्याची मांजरं आणि सांगाडे छापायची, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे उलगडणारे कागदी भोपळे करायची. पुढे लगद्याचे कंदील निघाले ते अंड्यांचे ट्रे होतात त्याच पद्धतीने, यंत्रावर. म्हणजे कारखान्याच्या मालाची हाताने नक्कल करायची आणि तिची किंमत कारखान्याच्या शंभरपट. यात परंपरा कुठली?

सावलीतली_चिंच

जुनाबाजार यांच्याशी शंभर टक्के सहमत. मुलांचा सण आहे हो. काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवायच्या वस्तूंचा त्याच्याशी काय संबंध?

मिशिगनकर (धागाकर्ता)

जुनाबाजार, काजळीची खूण उत्तम सांगितलीत. पण फसवणाऱ्या विक्रेत्याचं पाप करणाऱ्याच्या माथी का? उपाय सोपा आहे. सही खोलवर कोरायची किंवा अस्तराच्या खाली, थेट कागदावर करायची. अनेक जण करतातही.

'सगळा बाजारच होता' हे मात्र अर्धंच खरं. कागदाचा माल करणाऱ्या डेनिसन कंपनीने 1909 मध्ये पहिलं 'बोगी बुक', म्हणजे हॅलोवीनच्या सजावटीची पुस्तिका, काढलं. माल त्यांचाच खपवायचा होता, क्रेप म्हणजे बारीक सुरकुत्यांचा कागद. पण त्यात दिलं काय होतं? या कागदाचे पोशाख घरी कसे शिवायचे, टेबल कसं सजवायचं, दारावर काय टांगायचं. अमेरिकेतल्या गावोगावच्या बायकांनी ते वाचून घरी बसून केलं. विकतचा कागद आणि घरचा हात. या सणात दोन्ही पहिल्यापासून एकत्र नांदलेत. त्यामुळे कारखाना एकीकडे आणि हात दुसरीकडे अशी रेघ मारताच येत नाही, आणि आजच्या कलाकाराने छापील मांजराकडे पाहून लगद्याचं मांजर केलं तर ती परंपरेची सरळ पुढची पायरी आहे.

लिफीकाठ

डब्लिनहून लिहितेय. तुम्ही दोघंही अमेरिकेच्या बाजारातून बाहेर यायला तयार नाही.

हा कंदील मुळात भोपळ्याचा नव्हताच. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये तो सलगम नावाच्या कंदाचा असायचा. आयरिश लोक अमेरिकेत गेले, तिथे भोपळा मिळाला, मोठा आणि कोरायला मऊ, म्हणून सलगम मागे पडलं. मेयो परगण्यात कासलबारजवळ टर्लो पार्कला ग्रामीण जीवनाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. तिथे डोनेगलच्या अशाच एका सलगमच्या कंदिलाची प्लास्टरमधली प्रतिकृती ठेवली आहे. मूळ सलगम 1943 मध्ये संग्रहालयाकडे आलं, वाळून मोडायला लागलं होतं म्हणून साचा घेतला. तो चेहरा एकदा बघाच. खोबणीसारखे डोळे, वेडेवाकडे दात, कातडी आक्रसलेली. पोटात गोळा येतो.

तो कुणी विकायला केला नव्हता. पोरांनी शेतातलं सलगम घेतलं, चाकूने पोखरलं, रात्री दारोदार नेलं आणि चार दिवसांनी उकिरड्यावर टाकलं. करणारा आणि बघणारा एकाच गल्लीतले. मिशिगनकर, तुमचा कलाकार कुशल आहे, प्रामाणिकही असेल, पण त्याचं गिऱ्हाईक दोन हजार मैलांवर आहे आणि वस्तू पार्सलने जाते. ही चांगली कलाकुसर आहे. गावाच्या सणाची कला मात्र नव्हे.

मांडवी_तीर

लिफीकाठ यांचं वाचून लिहावंसं वाटलं. आमच्याकडे गोव्यात नरकचतुर्दशीला वाड्यावाड्यांवरचे पोरगे गवत, कागद, बांबूचे नरकासुर करतात. महिनाभर आधीपासून तयारी, मुखवट्यावरून भांडणं, रात्रभर मिरवणूक, स्पर्धा, आणि पहाटे जाळून टाकायचा. एवढं राबून केलेला चेहरा डोळ्यांदेखत जळतो.

पण मी लिफीकाठच्या विरुद्ध बाजूला आहे. गावाने जाळायला केलेल्या वस्तूतूनच पुढे नावाचा कलाकार उभा राहतो. मेक्सिको शहरातले पेद्रो लिनारेस यांचंच घ्या. त्यांच्या घराण्यात लगद्याचे जुडास करायचे, म्हणजे ईस्टरच्या आदल्या दिवशी फटाके लावून उडवायचे पुतळे. तेच हात पुढे पंख असलेली, शिंगं असलेली विचित्र जनावरं करू लागले, संग्राहकांनी ती उचलली, आणि 1990 मध्ये त्यांना मेक्सिकोचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ती जनावरं कुणी जाळत नाही, काचेतच ठेवतात. म्हणून ती त्या मातीतली राहिली नाहीत का?

लिफीकाठ

राहिली, कारण लिनारेस घराणं त्याच वस्तीत राहून जुडासही करत राहिलं. मुळाशी गाठ सुटली नव्हती. अमेरिकेतल्या किती हॅलोवीन कलाकारांच्या गल्लीतली पोरं त्यांच्याकडे लगदा कालवायला येतात, ते सांगा.

खळ_आणि_कागद

मी पुण्यात मुलांना लगद्याचं काम शिकवते, हॅलोवीनशी माझं देणंघेणं नाही. पण किमतीबद्दल जे बोललं जातंय ते ऐकवत नाही.

पावसाळ्यात एक मुखवटा वाळायला किती दिवस लागतात ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. वाळताना तो वाकतो. एक गाल आत जातो. मग ओला करून, आत चिंध्या कोंबून पुन्हा आकारात आणायचा. अस्तराला तडा गेला की खरवडून परत. शंभर डॉलर म्हटल्यावर रुपयांत गुणाकार करून डोळे पांढरे करू नका, तिथल्या मजुरीने तास मोजा. बहुतेक तुकड्यांत करणाऱ्याला दुकानातल्या कॅशियरएवढंही सुटत नसेल, असं मला हाताच्या हिशेबाने वाटतं.

आणि जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाड्याचे, म्हणजे सोंगं नाचवायच्या आदिवासी उत्सवाचे, मुखवटे आठवा. तेही कागदाच्या लगद्याचेच. करणाऱ्याच्या हातात जत्रेपुरते पैसे पडतात आणि तोच मुखवटा शहरात 'आदिवासी कला' म्हणून भिंतीवर जातो तेव्हा त्याचं नाव कुठेच नसतं. निदान अमेरिकेतला कलाकार आपली किंमत आपण ठरवतोय. मला त्याचं कौतुकच वाटतं.

जुनाबाजार

मजुरीचा मुद्दा मान्य, त्यावर माझा वाद नव्हताच.

पण एक गोष्ट कुणी काढली नाही. यातले बरेच नावाजलेले कलाकार आपलं डिझाइन कंपन्यांना देतात. इलिनॉयची बेथनी लो ही त्यातली माहितीतली कंपनी. कलाकार मूळ नमुना करतो, त्यावरून प्रती निघतात, खोक्यावर त्याचं नाव असतं. जोहाना पार्कर यांचं मूळ काम हाताच्या लगद्याचं, फार सुंदर, पण त्यांच्या डिझाइनचे कप-बशा साखळी दुकानांत मिळतात. मग हातच्या वस्तूचं एवढं स्तोम कशाला? उद्या तीच मूर्ती चाळीस डॉलरला येणार असेल तर आज चारशे देणारा वेडा ठरतो.

खळ_आणि_कागद

वेडा का? दोन वेगळ्या वस्तू आहेत. हातची मूर्ती उलटी करून बघा. आत वर्तमानपत्राची अक्षरं दिसतात, बोटाचा ठसा दिसतो, वजन पिसासारखं. प्रत साच्यातली आणि जड, तिच्यात दात कोरताना चाकू घसरलेला दिसणार नाही. ज्याला फक्त रूप हवं त्याने प्रत घ्यावी, त्यातून कलाकाराला मानधन जातं. त्यावरच तो वर्षभर नवे चेहरे शोधू शकतो. वाईट आहे ते न विचारता उचललेलं डिझाइन. चिडायचं तर तिथे चिडा.

मिशिगनकर (धागाकर्ता)

यावर मला वेगळं लिहायची गरज उरली नाही.

लिफीकाठ, तुमच्या प्रश्नाला मात्र उत्तर द्यायला हवं. गल्लीतली पोरं फार येत नाहीत, हे खरं. पण गावाऐवजी दुसरं काहीतरी उभं राहिलंय. कॅलिफोर्नियातल्या पेटालुमात 'हॅलोवीन अँड व्हेजिटेबल्स' नावाचं प्रदर्शन गाजलं, इथे मिशिगनमध्ये 'घूलटाइड गॅदरिंग' सुरू झालं. अशा प्रदर्शनांत करणारे एकमेकांच्या टेबलापाशी तासन् तास उभे असतात. अस्तरात खडू किती, कापसाच्या बाहुल्यांना तार कुठली, हे मोकळेपणाने सांगतात. कापूस तारेवर गुंडाळून खळीने घट्ट करायची जुनी जर्मन रीत मागे पडली होती, ती याच लोकांनी जुन्या तुकड्यांकडे बघून पुन्हा हातात आणली. घराण्यातून नाही, शेजारातून नाही, पण एका हातातून दुसऱ्या हातात विद्या जातेय. मी तरी याला परंपराच म्हणेन.

लिफीकाठ

ही माहिती नवी होती, आणि कापसाच्या कामाबद्दल ऐकून बरं वाटलं. तरी माझं मत फारसं हललेलं नाही. एकमेकांना शिकवणारे कारागीर म्हणजे मंडळ झालं. सण करणारी माणसं अजून त्यात आलेली नाहीत. अशा प्रदर्शनात एक टेबल मुलांसाठी ठेवलं, सलगम आणि बोथट चाकू घेऊन, तर मी पहिली येईन.

जुनाबाजार

आणि अस्तराखालच्या सहीचं तेवढं तिथे सगळ्यांना सांगा. साल पूर्ण चार आकडी लिहायला सांगा, नुसतं '24 नको. शंभर वर्षांनी कुणीतरी त्याला 1924 म्हणून विकेल.