मदत हवी आहे : अर्धवट पदभार, 11 माहिती अधिकार अर्ज आणि पुढ्यात 31 मार्च

नवं_टेबल
तालुक्याच्या शासकीय कार्यालयात लिपिक आहे. आधीच्या लिपिकांची बदली झाली आणि तीन आठवड्यांपूर्वी त्यांचं संकलन (त्यांच्या टेबलाचं सगळं काम) माझ्याकडे आलं. पदभार यादीत 62 संचिका आहेत, कपाटात त्याच्या दुपटीहून जास्त. न नोंदवलेलं टपाल साधारण 140. माहिती अधिकाराचे 11 अर्ज, त्यातल्या चारांची मुदत टळून गेली आहे. दोन न्यायालयीन प्रकरणांत परिच्छेदनिहाय अभिप्राय (याचिकेतल्या प्रत्येक परिच्छेदावर कार्यालयाचं म्हणणं) मागितलेत. मार्चअखेरची देयकंही माझ्याकडेच. रोज 8-10 नवीन कागद येतात. सुरुवात कुठून करू? सध्या ज्याचा फोन येतो त्याची फाईल काढतो, त्यामुळे बाकी सगळं तसंच राहतं.

रुमाल_बांधणारा
आधी दोन दिवस सहा गठ्ठ्यांना द्या. साहेबांना सांगून द्या, म्हणजे मध्ये कोणी उठवणार नाही. कपाट पूर्ण रिकामं करा आणि प्रत्येक कागद यापैकी एका गठ्ठ्यात टाका : कार्यवाहीची प्रकरणं, प्रतीक्षाधीन (दुसऱ्याच्या उत्तरासाठी थांबलेली), नियतकालिकं (ठरावीक काळाने पाठवायचे अहवाल), स्थायी आदेश (कायम लागू असलेले शासन आदेश), अभिलेख कक्षात पाठवायची आणि नष्ट करायची. अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) जिल्हाधिकारी असताना अनिलकुमार लखिनांनी बसवलेली ही पद्धत आजही चालते, कारण 'आता माझ्या हातात काय आहे' हे पहिल्या गठ्ठ्यावरून लगेच कळतं. गठ्ठे लावताना फाईल वाचत बसू नका. शेवटची टिपणी आणि शेवटचं पत्र, एवढंच बघा.

सहाव्या गठ्ठ्यातला एकही कागद स्वतःच्या अधिकारात फाडू नका. वर्गवारी (अ कायम, ब 30 वर्षं, क-1 10, क 5, ड 1 वर्ष) टाकून यादी करा आणि मंजुरी घ्या. लेखापरीक्षण, अपील किंवा न्यायालयात अडकलेलं काही त्यात असेल तर बाजूला काढा. अभिलेख नियम सोडून नष्ट करणं हा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 खाली गुन्हा आहे.

टपाल_आधी
मी उलट सांगेन. 140 पैकी निम्मं टपाल 'माहितीस्तव' किंवा एका ओळीच्या उत्तराचं असतं. ते पहिल्या दिवशी उडवा, ढीग अर्धा होतो आणि डोकं शांत होतं.

कलम_सात
ढीग अर्धा होईल, पण ज्याची मुदत आज संपते तो अर्ज त्या ढिगातच राहील. नोंदवण्यापुरतं टपाल आधी घ्या हे बरोबर, उत्तरं नंतर. नोंद झाल्यावर क्रम लावताना कागदाचं वय बघू नका, फोन करणाऱ्याचं पद तर नकोच. कायद्याची मुदत कोणत्या तारखेपासून सुरू झाली ते बघा. वर्कशीटला (टपाल नोंदवायचा तक्ता) एक रकाना वाढवा : 'मुदत संपण्याची तारीख'. त्या तारखेप्रमाणे लावलं की क्रम ठरला.

माहिती अधिकारात 30 दिवस कार्यालयाच्या आवक शिक्क्यापासून मोजतात. कागद तुमच्या टेबलावर कधी आला याला अर्थ नाही. सर्वाधिक चुका शुल्काच्या पत्रात (प्रतींचे पैसे भरा असं अर्जदाराला कळवणारं पत्र) होतात. शुल्काचं पत्र जावक झाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस मोजत नाहीत, म्हणून 'अजून वेळ आहे' म्हणत लोक ते शेवटी काढतात. अर्ज 2 जानेवारीचा, पत्र 12 जानेवारीला गेलं, पैसे 22 जानेवारीला आले, तर तुमचे 10 दिवस गेले, 20 उरले. म्हणजे 11 फेब्रुवारी. तेच पत्र 31 जानेवारीला काढलं तर पैसे आल्यावर हातात एक दिवस. पत्रात पानं गुणिले 2 रुपये हा हिशेब आणि अपिलीय अधिकाऱ्याचा पदनाम-पत्ता हवाच.

विषय दुसऱ्या कार्यालयाचा असेल तर कलम 6(3) प्रमाणे 5 दिवसांत वर्ग करायचा असतो. म्हणून 11 अर्ज आजच्या आज एकदा चाळा.

नवं_टेबल
मुदत टळलेल्या चारांपैकी एकात 480 पानं आहेत. 960 रुपये मागायचे का? आणि दुसऱ्यातली संचिकाच सापडत नाही.

कलम_सात
मागू नका. 30 दिवस उलटले की कलम 7(6) प्रमाणे माहिती विनामूल्य द्यावी लागते. शुल्क मागितलंत तर अपिलात तोच मुद्दा पहिला येईल. झेरॉक्सचा खर्च कार्यालयाचा, त्याची मंजुरी टिपणीवर घ्या. दंड दिवसाला 250 रुपये, कमाल 25,000, आणि तो जनमाहिती अधिकाऱ्यावर (अर्जाला उत्तर देण्याची जबाबदारी असलेला अधिकारी) व्यक्तिशः. मात्र त्यांनी कलम 5(4) खाली तुमची लेखी मदत मागितली असेल तर 5(5) प्रमाणे तुम्हीही त्याच रांगेत. म्हणून दुसऱ्या टेबलाकडची माहिती तोंडी मागू नका, 5(4) चं पत्र जनमाहिती अधिकाऱ्यांच्या सहीने काढून घ्या.

'सापडत नाही' एवढं उत्तर चालत नाही. कोणती कपाटं, कोणत्या नोंदवह्या, अभिलेख कक्ष कधी शोधला ते तारखेसह टिपणीवर आणा. आधीच्या लिपिकांना लेखी विचारा. अर्जदाराला सद्यस्थिती कळवा.

रुमाल_बांधणारा
याच्याच आधी पदभार यादीतली तफावत कार्यालय प्रमुखांना लेखी कळवा. आजच. तीन महिन्यांनी कळवलीत तर संचिका तुमच्याकडून गहाळ झाली असा अर्थ निघतो, आणि नव्या माणसावर हा अन्याय हमखास होतो. यादीत असून नसलेल्या आणि यादीत नसून असलेल्या, अशा दोन याद्या वेगळ्या करा.

उपकोषागार_शेजारी
देयकांबद्दल : 31 मार्च ही तुमची तारीख समजू नका. कोषागार देयकं स्वीकारण्याची शेवटची तारीख परिपत्रकाने आधीच कळवतं, ते आजच काढून भिंतीवर लावा. त्यातून 10 दिवस वजा करा, कारण देयक आक्षेप लागून परत येतं. लेखाशीर्ष (खर्च कुठल्या सदरात टाकायचा तो क्रमांक) चुकलेलं, मंजुरी आदेशाची प्रत नाही, बीम्सवरचं (निधी वाटपाची शासनाची ऑनलाइन प्रणाली) प्राधिकारपत्र जोडलेलं नाही, सही नमुन्याशी जुळत नाही, हे नेहमीचे. सगळी देयकं एका वेळी पाठवू नका. पहिलं गेलं की त्याचे आक्षेप बघून बाकीची दुरुस्त होतात.

न्यायालयीन दोन्ही प्रकरणांत आजच सरकारी वकिलांच्या कार्यालयातून पुढची तारीख विचारा. अभिप्राय तारखेच्या आदल्या दिवशी देऊन उपयोग नाही, शपथपत्र तयार करायला त्यांनाही वेळ लागतो.

नवं_टेबल
तफावतीचं पत्र दुपारी दिलं, पोच घेतली. 11 पैकी दोन अर्ज दुसऱ्या कार्यालयाचे निघाले, आजचा चौथा दिवस. उरलेल्या टपालाला विलंबाच्या कायद्याचे 7 दिवस लागू का?

कलम_सात
हो. बदल्यांचं विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणाऱ्या 2005 च्या अधिनियमाच्या कलम 10 प्रमाणे कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे 7 कामाच्या दिवसांपेक्षा जास्त थांबू नये. इतर विभागाकडे न पाठवायच्या प्रकरणात निर्णय 45 दिवसांत, पाठवायच्या असतील तर 3 महिन्यांत. म्हणून अडलेली फाईल टेबलावर ठेवू नका. त्रुटीचं पत्र काढा, प्रतीक्षाधीनमध्ये टाका, स्मरणपत्राची तारीख लिहा. ते दोन अर्ज मात्र आज जावक करून घ्या, उद्या सुट्टी असली तर पाचवा दिवस हातचा जाईल.