पप्पांचा लकवा, मंडळीची माणसं आणि आकडे: श्रद्धेने तब्येतीला बळ मिळतं का?

घोरपडीकर:

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या पप्पांना लकवा झाला. वय ७८, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त. उजवा हात-पाय गेला आणि वाचाही गेली. 'पाणी' म्हणता येईना, तोंडातून नुसतं 'ता ता' यायचं. चौथ्या दिवशी नाना पेठेतल्या आमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, चौघे भेटायला आले. प्रार्थना झाली आणि त्यांच्यातल्या एका आजींनी हळू आवाजात ना. वा. टिळकांचं एक भजन धरलं. दुसऱ्या ओळीला पप्पांनी सूर लावला, तोही शब्दांसकट. अख्खं कडवं म्हटलं. मी पायाशी उभा होतो, मला पलंगाचा दांडा धरावा लागला.

स्पीच थेरपिस्ट बाईंना सांगितलं तर त्यांना फारसं नवल वाटलं नाही. बोलण्याची केंद्रं बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असतात, पण पाठ झालेलं गाणं उजव्या बाजूच्या आधारानेही बाहेर येतं. वाचा गेलेल्यांना चालीवर बोलायला शिकवायची एक पद्धतच आहे, १९७३ पासूनची. पुढे त्यांनी पप्पांना 'पा-णी द्या' असं चालीवरच शिकवलं. म्हणजे चमत्कार नव्हे, मान्य. पण साठ वर्षं दर रविवारी ते भजन म्हटलं नसतं, तर त्या दिवशी बाहेर यायला आत काय असतं?

आज चौदा महिन्यांनी ते काठी घेऊन अंगणापर्यंत जातात. गोळ्या डॉक्टरांनी दिल्या, त्यांचं श्रेय त्यांना. पण गोळ्या न चुकता घ्यायला आणि तोच कंटाळवाणा व्यायाम दिवसातून चार वेळा करायला जे बळ लागतं, ते ख्रिस्तावरच्या विश्वासाने, घरच्या माणसांनी आणि 'उद्या दोन पावलं जास्त' म्हणणाऱ्या त्यांच्या मनाने दिलं, असं माझं ठाम मत आहे. अमेरिकेत ७४,५३४ नर्सबाईंच्या नोंदी १९९६ ते २०१२ अशा सोळा वर्षं तपासल्या. त्या बहुतेक कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट. आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा उपासनेला जाणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण कधीच न जाणाऱ्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी निघालं. तुमचे अनुभव काय आहेत? विरोधी मतही हवं आहे.

विद्या_कोथरूड:

तुमच्या वडिलांना चालताना वाचून बरं वाटलं. पण मी संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे गप्प बसवत नाही.

तो अभ्यास चांगला आहे, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला. पण त्यात कुणाला चिठ्ठी टाकून चर्चमध्ये पाठवलं नव्हतं. जिला गुडघे साथ देतात तीच आठवड्यात दोनदा उपासनेला जाते. जी आधीच अंथरुणाला खिळली ती 'न जाणारी' ठरते. संशोधकांनी हा फरक काढून टाकायचा बराच प्रयत्न केला, तरी तो पूर्ण निघतो असं म्हणता येत नाही. शिवाय त्यांनीच शोधलं की हा फायदा कशातून येतो. माणसांचा आधार आणि कमी धूम्रपान यांचा वाटा आशावादापेक्षा मोठा निघाला.

आणि निव्वळ प्रार्थनेचा प्रयोगही झालाय. २००६ मध्ये बायपासच्या १,८०२ रुग्णांवर. ख्रिस्ती गट अनोळखी रुग्णांसाठी प्रार्थना करत होते. 'तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होतेय' असं ज्यांना सांगितलं, त्यांच्यात गुंतागुंत ५९ टक्के. 'होईल किंवा होणारही नाही' असं दोन गटांना सांगितलं होतं. त्यातल्या ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली त्यांच्यात ५२, ज्यांच्यासाठी झाली नाही त्यांच्यात ५१.

आपल्या औंध रोडवर स्पायसर विद्यापीठ आहे ना, ते ज्या ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाचं, त्या पंथाचे कॅलिफोर्नियातले पुरुष तिथल्या इतरांपेक्षा सरासरी ७.३ वर्षं आणि बायका ४.४ वर्षं जास्त जगतात. पण ते तंबाखू-दारूला शिवत नाहीत, बरेचसे शाकाहारी, शनिवारी पूर्ण विसावा. तुम्ही ज्याला श्रद्धा म्हणता त्याला मी सवय म्हणेन.

घोरपडीकर:

विद्याताई, तीच सवय लावून दाखवा ना श्रद्धेशिवाय! पप्पा कारखान्यात असताना दिवसाला तंबाखूच्या दोन पुड्या संपवायचे. आईने विनवण्या केल्या, डॉक्टरांनी भीती घातली. सुटली ती माझ्या दृढीकरणाच्या, म्हणजे मंडळीचा पूर्ण सभासद होण्याच्या विधीच्या, आदल्या रात्री. 'प्रभुभोजन घेताना याच तोंडाने घ्यायचं?' एवढंच म्हणाले (प्रभुभोजन म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत घ्यायची भाकर आणि द्राक्षारस) आणि पुडी चुलीत टाकली. पाटीवर इशारा वाचून सवय सुटणारे किती आणि कुणाला तरी दिलेल्या शब्दापायी सुटणारे किती?

तो बायपासचा प्रयोग मला मुळातच पटत नाही. अनोळखी माणसाने यादीतलं नाव वाचून केलेली प्रार्थना वेगळी. आमच्याकडे प्रार्थनेला आलेली बाई जाताना डबा ठेवून जाते आणि पुढच्या वेळी रिकामा न्यायला येते.

खराडीची_लेक:

मी मंडळीतच वाढले. वडील नगरकडचे, मिशनच्या शाळेत मास्तर. म्हणून हे बाहेरचं कुणी बोलतंय असं समजू नका.

माझ्या आईला स्तनाचा कॅन्सर होता. तीन वर्षं. पहिल्या वर्षी सगळे आले, तुम्ही लिहिलंय तसेच, डबे घेऊन. दुसऱ्या वर्षी तो हाडांत उतरला तेव्हा येणाऱ्यांची भाषा बदलली. 'सिस्टर, विश्वासाने मागा', 'मनात काही अढी आहे का बघा', 'नकारात्मक बोलू नका, शब्दात सामर्थ्य असतं'. एका बाई तिला मैदानावरच्या एका सभेला घेऊन गेल्या. तिथे ती व्यासपीठावर चढली, बरं वाटतंय म्हणाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर दुखतंय म्हणायची तिला सोयच उरली नाही. रात्री उशी तोंडात धरायची. डॉक्टरांनाही 'बरं आहे' सांगायची, म्हणून वेदनेचं औषध वाढवलं गेलं नाही. मला कळलं तेव्हा सहा आठवडे गेले होते.

सकारात्मक मनाने आयुष्य वाढतं म्हणता? डोकं आणि मानेच्या कॅन्सरच्या १,०९३ रुग्णांचा अभ्यास २००७ मध्ये आला. त्यांची मनःस्थिती आणि ते किती जगले याचा काही संबंध सापडला नाही. हे मी आई गेल्यावर वाचलं. आधी वाचलं असतं तर तिला सांगितलं असतं, रड गं, रडल्याने गाठ वाढत नाही.

बायबलमधल्या दुःखी ईयोबाच्या मित्रांनी पहिले सात दिवस तोंड उघडलं नव्हतं. नुसते जमिनीवर त्याच्याजवळ बसले होते. तेवढंच त्यांचं बरोबर होतं.

सदाशिवातला_विवेक:

ताई, तुमचं वाचून थोडा वेळ थांबलो.

मूळ धाग्याला माझा विरोध आहे तो वेगळ्या कारणाने. यात ख्रिस्ती असं काय आहे? माझी आजी पंचवीस वर्षं आळंदीहून पंढरपूरपर्यंत चालली. तिच्या भजनी मंडळातल्या बायका तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पाळीपाळीने थांबल्या. आणि माझे सासरे देव मानतच नाहीत, ते बागेतल्या हास्यक्लबला जातात. तिथेही दोन दिवस खाडा झाला की फोन येतो. माणसं जमली की तब्येत सुधारते. १४८ अभ्यास एकत्र करून २०१० मध्ये निघालेला निष्कर्षही तोच: ज्यांची नाती घट्ट, त्यांची जगण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त. त्यात धर्माची अट नव्हती.

घोरपडीकर:

विवेकराव, तुमच्या आजींना नमस्कार. वारीत हे नाही असं मी म्हटलेलं नाही, मी माझ्या घरचं सांगतोय. फरक विचारता म्हणून सांगतो. हास्यक्लबमध्ये हसता येणाऱ्याला जागा आहे. पप्पांचं तोंड वाकडं झालं, लाळ गळायची, तेव्हा चारचौघांत जायला ते तयार नव्हते. प्रभुभोजनाला आमच्या चर्चचे पाळकसाहेब वेदीवरून खाली उतरून त्यांच्या खुर्चीपाशी आले आणि रुमालाने त्यांची हनुवटी पुसून मग भाकर दिली. ज्या ख्रिस्ताचं शरीर मोडलं त्याचीच आठवण करायला आम्ही तिथे जमतो. मोडलेल्या शरीराची लाज तिथे वाटली नाही, ती यामुळे. हे आकड्यात कसं मोजायचं मला माहीत नाही.

खराडीच्या ताई, तुम्हाला काय उत्तर द्यावं सुचत नाही. 'विश्वासाने मागा' हे मीही लोकांना म्हटलेलं आहे.

वॉर्डमधली_सिस्टर:

सत्तावीस वर्षं नोकरी, त्यातली अकरा मेडिसिन वॉर्डात. माझं निरीक्षण लिहिते.

ज्या पेशंटजवळ माणूस असतो त्याला दर दोन तासांनी कूस बदलून मिळते, पाठीला जखमा होत नाहीत. पाणी वेळेवर पोटात जातं. रात्री तो बरळायला लागला तर ओळखीचा आवाज कानावर पडतो. आम्हाला एकेकीला तीस-तीस पेशंट, आम्ही कुठे पुरणार? त्यामुळे 'नात्याने बरं वाटतं' हे गोड वाक्य नाही, त्यात कामं आहेत.

आता वाईट बाजू. लेंतच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या, दिवसांत दरवर्षी कुणीतरी साखर उतरून बेशुद्ध होऊन येतं. इन्सुलिन घेतलेलं आणि उपवास धरलेला. एका पाळकांनी पुलपिटावरून स्पष्ट सांगितलं की डायबेटिसवाल्यांनी उपवास करू नये, त्याऐवजी कुणाला तरी एक वेळचं जेवण द्यावं. त्या मंडळीतून पुन्हा कुणी आलं नाही.

आणि दादा, एक विचारते, राग मानू नका. 'घरची माणसं' म्हणजे कोण? पप्पांना उठवतं कोण, पुसतं कोण? आमच्या वॉर्डात डिस्चार्जच्या वेळी शिकायला मुलगा पुढे असतो आणि सहा महिन्यांनी कंबर धरून ओपीडीला सून येते.

निवृत्त_पाळक:

खराडीच्या मुली, तुझ्या आईच्या बाबतीत जे झालं ते पवित्र शास्त्राला, बायबलला, धरून नव्हतं. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातला काटा देवाने काढावा म्हणून तीनदा विनंती केली, तो निघाला नाही. त्याचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल? त्याच्यासोबत लूक होता, तो वैद्य. आपला सोबती तीमथ्य याला पोटाच्या तक्रारीवर पौलाने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, सभेला जा असं नाही. आणि मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या, कबरेपाशी प्रभू येशू स्वतः रडला, दोन मिनिटांनी त्याला उठवणार असूनही.

मी सदतीस वर्षं सेवा केली. आजाऱ्याच्या खोलीत मी फार बोललो. आता मागे वळून पाहताना वाटतं, बोलण्याच्या निम्मा वेळ ऐकायला दिला असता तर किती जणांनी मला खरं सांगितलं असतं.

तरी श्रद्धेने बळ मिळतं हे मी सोडणार नाही. मी ते मरणाच्या दारातही पाहिलं आहे, जिथे बरं होण्याचा प्रश्नच उरला नव्हता.

विद्या_कोथरूड:

पाळकसाहेबांच्या म्हणण्याला एक जोड. २००१ मध्ये ५५ वर्षांवरच्या ५९६ रुग्णांचा अभ्यास आला होता. देवाने आपल्याला टाकलं किंवा तो शिक्षा देतोय असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यात पुढच्या दोन वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. कारण तेच, असं मी इथेही म्हणणार नाही. पण 'तुझा विश्वास कमी पडला' हे वाक्य आजाऱ्याला ऐकवणाऱ्याने हे वाचावं.

श्रेय श्रद्धेचं नव्हे, सवयीचं, हे मत मात्र कायम.

खराडीची_लेक:

पाळकसाहेब, वाचलं. दोनदा वाचलं.

मी अजून उपासनेला जात नाही. शेवटच्या महिन्यात रोज दुपारी एक बाई यायच्या, बोलायच्या नाहीत, आईच्या पायाला तेल चोळायच्या. त्यांना मात्र दर नाताळला घरी जाऊन भेटते. त्यांच्यामुळे आई जास्त जगली नाही. ती वेळ तिला एकटीला काढावी लागली नाही, एवढंच.

घोरपडीकर:

सिस्टर, काल रात्री तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, उठून मूव्ह लावून आली. चौदा महिन्यांत तिने किती रविवार उपासना चुकवली ते मी मोजलं नव्हतं. तिने मोजलं होतं, एकेचाळीस. या रविवारपासून ती जाईल आणि पप्पांपाशी मी थांबेन. भाऊ चिंचवडला असतो, त्यालाही फोन केला. शनिवार तो घेईल.

मला एकट्याने त्यांना पलंगावरून खुर्चीत घेणं जमत नाही. काय चुकतंय?

वॉर्डमधली_सिस्टर:

दुबळा हात धरून ओढू नका, खांदा निखळतो. खुर्ची त्यांच्या डाव्या, चांगल्या बाजूला लावा आणि ब्रेक असेल तर लावून ठेवा. त्यांचे पाय जमिनीला पूर्ण टेकवा. तुम्ही समोर, तुमचा गुडघा त्यांच्या उजव्या गुडघ्याला टेकलेला. कमरेला रुंद पट्टा बांधून तो धरा. त्यांना पुढे वाकायला सांगा आणि तीन म्हटल्यावर दोघांनी एकदम. घाई करू नका. भजनाच्या तालावर उठत असतील तर तसंच उठवा.