बिल्डरने बांधलेल्या डीपी रस्त्याचे पैसे मनपाने परत द्यावेत का?

मुंढवेकर:
पुणे मनपाने 2021 च्या सुमारास खराडी-मुंढवा भागातले डीपी रस्ते, म्हणजे विकास आराखड्यात दाखवलेले रस्ते, बिल्डरांकडून बांधून घ्यायचं ठरवलं. खर्च बिल्डर करणार, मनपा रोख न देता क्रेडिट नोट देणार, ती त्याने पुढे बांधकाम परवानगीच्या शुल्कात वळती करून घ्यायची. मला हे पटत नाही. विकास शुल्क घेतात कशासाठी, तर नवीन बिल्डिंगांमुळे रस्ते, पाणी, ड्रेनेजवर जो ताण येतो तो भागवायला. तेच शुल्क बिल्डरच्या गेटपाशी जाणाऱ्या रस्त्यात संपलं तर पेठांतल्या जुन्या ड्रेनेज लाइनी कुठल्या पैशाने बदलणार?

खराडीतली_आई:
दादा, तुमचं म्हणणं कळतंय पण खराडी 1997 ला मनपात आली आणि आम्ही अजून एकाच रस्त्यावर सगळे अडकतो, शाळेची बस, ॲम्ब्युलन्स, आयटी पार्कवाले, सगळे त्यातच. मनपाकडे पैसे नाहीत हे आम्ही किती वर्षं ऐकायचं? फ्लॅट बिल्डर विकतो हे खरं, पण त्या रस्त्यावरून रोज आम्ही जाणार आहोत ना. माझं मत ठाम आहे, क्रेडिट नोट द्या पण रस्ता करा.

मुंढवेकर:
ताई, त्रास मलाही तोच आहे. पण रस्त्यासाठी जागा दिली की टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा एफएसआय (आपल्याच प्लॉटवर जास्तीचं बांधकाम) मिळतो, वरून बांधकामाचा खर्चही परत, मग बिल्डरने स्वतःचं असं काय घातलं? आणि कुठला रस्ता आधी करायचा हे ठरणार त्याचा प्लॉट कुठे आहे त्यावरून. जिथे प्रोजेक्ट नाही त्या वस्तीने कुणाकडे बघायचं?

साइट_इंजिनिअर:
जागा आणि बांधकाम एकात नका घालू. टीडीआर जागेचा मोबदला आहे, जागा जाते त्याला तो मिळतो, आणि डीपी रस्त्याची जागा सगळी त्याच बिल्डरची नसते, मधे शेतकऱ्यांचे तुकडे असतात. सार्वजनिक रस्ता केला तर खर्च मिळायलाच हवा, नाहीतर तो फ्लॅटच्या रेटमध्ये घालून गिऱ्हाइकाकडूनच काढेल. भांडायचं तर इस्टिमेटवर भांडा. दर डीएसआरप्रमाणे (सरकारी दरसूचीप्रमाणे) धरलेत का, मोजमाप कोण घेतं, हे बघा.

गावठाणातला:
आमचं गाव 2021 ला 23 गावांबरोबर मनपात आलं. परवानगी घेताना बिल्डरने लिहून दिलं की मनपाचं पाणी येईपर्यंत पाणी मी देईन, आज टँकरचं बिल आमची सोसायटी भरते. म्हणून सांगतो, जे परवानगीच्या अटीत आहे त्याचा एक रुपयाही परत देऊ नका. आणि रस्त्याचं म्हणाल तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण झाला, मनपाच्या ताब्यात आला, मगच क्रेडिट नोट.

साइट_इंजिनिअर:
मधल्या तुकड्याचं भूसंपादन मनपानेच लटकवलं तर? बिल्डरने किती वर्षं थांबायचं?

खराडीतली_आई:
आणि आम्ही?